चेंडूला हात न लावता

पुण्याच्या बालेवाडीत काही वर्षं टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी स्पर्धा भरायची. तिथली दुहेरी २०१९ मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी जिंकली. २०२२ मध्ये बोपण्णाच, पण सोबत रामकुमार रामनाथन. त्या फायनलमध्ये पहिला सेट हरूनही.

दुहेरीत एक जण सर्व्हिस करतो, दुसरा नेटजवळ उभा असतो. तो नुसता एक पाऊल सरकतो आणि त्याला चुकवायच्या नादात समोरचा चेंडू बाहेर मारतो. मग हा गुण कमावला कोणी? एटीपीची क्रमवारी दुहेरीतही प्रत्येकाची वेगळी असते, पण जिंकल्यावर दोघांना सारखेच गुण मिळतात. कोणी किती विनर मारले, हे त्यात धरत नाहीत.

माझ्या कामात उलटं आहे. कोडची प्रत्येक ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या कमांडचं नावच 'ब्लेम' आहे. ज्याने रिव्ह्यू करताना बग अडवला, त्याची तिथे एकही ओळ नसते.

आमच्याकडे कळमनुरीला आता वाटणीचा विषय निघालाय. दादा हळद करतो, आई-बाबांना बघतो. बोअर आणि ठिबक माझ्या पगारातून झालं. नातेवाइकांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, "पैसा धाकट्यानं लावला." दुसरा विचारतो, "राबलं कोण?" दोघंही फक्त मारलेले चेंडू मोजतात.

मग अर्धं-अर्धं करून टाकावं? इतकं सोपं नाही. टेनिसमधली जोडी आपल्या मर्जीने जमते, पटलं नाही तर पुढच्या स्पर्धेत बदलते. भाऊ बदलता येत नाही.

एटीपीच्या दुहेरीत ४०-४० झालं की एकाच गुणावर गेम ठरतो, आणि ती सर्व्हिस कोणी घ्यायची हे घेणारी जोडी ठरवते. फटका चुकला तरी हार दोघांची, कारण निर्णय दोघांचा होता. मला वाटतं, समान वाट्याचा खरा आधार हाच आहे. सारखं मिळतं ते सारखं राबल्यामुळे नाही, तर मिळून ठरवल्यामुळे.

आमच्याकडे कोणी शिकायचं आणि कोणी शेतावर थांबायचं, हे परिस्थितीने ठरवलं. म्हणून सातबारा काढण्याआधी दादाला एक प्रश्न विचारायला हवा: तुला इथं थांबायचं होतं का? उत्तर 'नाही' आलं, तर निम्मी जमीनही त्याला कमीच आहे.