क्रूस कोणी उचलायचा?

भुकूमच्या एखाद्या कर्करोग्यासाठी घरच्यांनी जवळच्या औषधाच्या दुकानात मॉर्फिन मागितले, तर बहुधा नकारच मिळेल. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने दुकानदारांच्याच नव्हे, डॉक्टरांच्याही मनात धास्ती बसवली. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले, तरी हे औषध मुख्यतः मान्यताप्राप्त रुग्णालयांतच मिळते. (अफूची शेती मात्र शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्याने होते!) वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आले आहे. तेथवर रुग्णाला न्यायचे की नाही, हे घरात ठरते. आणि घरात ‘प्रभूने दिलेला क्रूस आहे, सोसा’ हे शब्द आम्ही पुष्कळदा ऐकतो.

क्रूसावर खिळले जाताना येशूने बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, हे खरे. पण तो स्वतःपुरता. पीडा घेऊन आलेल्या कोणालाही त्याने ‘सोस’ म्हणून परत पाठवले नाही. १९५७ साली पोप पायस बारावे यांनी, अन्य उपाय नसेल आणि रुग्णाच्या धार्मिक कर्तव्यांत बाधा येत नसेल तर, आयुष्य घटण्याचा संभव असूनही असे औषध देण्यास मुभा दिली. औषधाने प्रार्थना राहून जाईल, अशी काहींना भीती वाटते. परंतु वेदनेने विव्हळणाऱ्यास प्रभूची प्रार्थना तरी कोठे पुरी म्हणता येते? म्हणून खाटेभोवतीच्या नातलगांना थोडे बाजूस सारून आम्ही आधी रुग्णालाच विचारतो.