काही दिसलं नाही

इंग्लंडमधल्या विंडसर ग्रेट पार्कमध्ये शेकडो वर्षांचे ओक वृक्ष आहेत. त्यांतल्या काहींच्या गाभ्यात एक दुर्मीळ बुरशी राहते. एरवी तिचा पत्ता लागत नाही. एखाद्या उन्हाळ्यात ती खोडातून बाहेर येते, छोट्या फळीसारखी. कोवळी असताना मऊ, फिकट पिवळसर; जून झाली की तपकिरी. पुढच्या वर्षी ती त्याच झाडावर दिसेलच असं नाही.

कोकणात फणसाच्या खोडावरचं आळंबं घराघरात ठाऊक असतं. तोंड आलं की ते उगाळून लावतात. ओकवरच्या या बुरशीला मात्र हात लावायचा नाही. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याचं तिला संरक्षण आहे. तोडायची नाही, घरी न्यायची नाही. पाहायची आणि लिहून ठेवायची.

लिहायचं तरी किती? काय दिसलं, कुठे, कधी, कोणाला. एवढं पुरतं.

अशा नोंदी साठत जातात, नकाशावर त्यांचे ठिपके होतात. ठिपका आहे तिथे बुरशी होती, हे नक्की. रिकाम्या जागेचं काय? तिथे ती नव्हती, की तिथे कोणी गेलंच नव्हतं? सापडलं नाही आणि शोधलं नाही, नकाशावर दोन्हींचा रंग एकच. म्हणून काही जण रिकाम्या हाताने परतले तरी वही उघडतात. तारीख घालतात, झाड लिहितात, आणि पुढे एवढंच: काही दिसलं नाही.

इंग्लंडमधल्याच सॉल्झबरीच्या परिसरात एडवर्ड गँज १९५० पासून अर्धशतकाहून अधिक काळ आळंब्यांच्या नोंदी जमवत राहिले. त्या ५२ हजारांवर गेल्या. त्यांच्या प्राध्यापक मुलाने सहकाऱ्यांसह या नोंदींचा अभ्यास केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. शरदातला आळंब्यांचा हंगाम १९५० च्या दशकात सरासरी ३३ दिवसांचा होता. तो तोपर्यंत सुमारे ७५ दिवसांचा झाला होता. हवा बदलते आहे, हे आळंब्यांनी सांगितलं. वही सुरू झाली ती या प्रश्नासाठी नव्हे. उत्तर मात्र ओळीओळीने उतरत होतं.

हंगाम कधी संपला हे कळायला, तो संपल्यावरही कोणाला तरी रानात जावं लागतं.

आपण वही काढतो ती बहुधा काही घडलं की. बाकीचे दिवस ‘विशेष काही नाही’ म्हणून सोडून देतो. मग कधीतरी मागे वळून पाहताना कळेनासं होतं, त्या दिवसांत खरंच काही नव्हतं, की आपलं लक्ष नव्हतं.

दिसणं आपल्या हाती नाही. पाहायला जाणं आहे.