सीमारेषा आणि शरणदृष्टी



धर्मामुळे भांडणे होतात, भाषेमुळे भांडणे होतात, असे आपण सहज बोलून जातो. प्रवचनानंतर श्रोतेही पुष्कळदा विचारतात, की माणसामाणसांतले हे सगळे भेद एकदाचे पुसून टाकले तर तंटे मिटणार नाहीत काय? प्रश्न चांगल्या मनातून आलेला असतो. तरीही त्याला 'होय' म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, अशी आपणांस विनंती आहे. भेद ही एक गोष्ट, सीमा ही दुसरी आणि कलह ही तिसरी. तिन्ही एकत्र कालवल्या की विचार नासतो.

भाषा हेच कलहाचे मूळ म्हणावे, तर बोस्नियाकडे पाहावे. तेथील मुसलमान बोस्नियाक, सनातनी ख्रिस्ती सर्ब आणि रोमन कॅथलिक क्रोट यांना एकमेकांचे बोलणे दुभाष्यावाचून कळते. पिढ्यान् पिढ्या ते एका गल्लीत राहिले, त्यांच्यात सोयरिकीही झाल्या. तरी १९९२ ते १९९५ या काळात त्या भूमीवर भयंकर युद्ध झाले. साराजेव्हो शहराला पडलेला वेढा १९९६च्या फेब्रुवारीपर्यंत उठला नाही. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिका येथे सुमारे आठ हजार पुरुष व मुलगे मारले गेले.

मग धर्म हे मूळ म्हणावे काय? पूर्व व पश्चिम पाकिस्तानचा बहुसंख्य धर्म एकच होता. पण २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्याच्या रस्त्यावर बंगाली भाषेसाठी तरुणांचे रक्त सांडले आणि १९७१ साली ते राष्ट्रच दुभंगले. आफ्रिकेतील रवांडा देशात तर भाषाही एक आणि बहुतेकांचा धर्मही ख्रिस्ती. तेथे १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत आठ लक्षांच्या घरात माणसे कापली गेली.

या रवांडाच्या कथेत विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. हुतू आणि तुत्सी हा भेद तेथे जुनाच होता, पण तो पार करता येत असे. गुरेढोरे वाढली, दैव फिरले, तर माणूस एका गटातून दुसऱ्यात गणला जाई. १९३०च्या दशकात बेल्जियमच्या राज्यकर्त्यांनी प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा गट लिहून टाकला. तेव्हापासून बापाचा शब्द मुलाच्या कपाळी आला. शाळेत कोणाला घ्यावे, चाकरी कोणाला द्यावी, हे त्या शब्दावर ठरू लागले. पुढे १९९४ साली वाटा अडवून हाच कागद मागितला जाई आणि त्यावरच्या एका शब्दावर जीव राही वा जाई. भेद शेकडो वर्षांचा होता, पण त्याची भिंत झाली ती कागदाने, आणि त्या कागदाला भाकरी बांधली गेल्यामुळे.

बोस्नियात तह झाला, तो १९९५चा डेटनचा करार. त्याने तोफा थांबवल्या, हे त्याचे मोठे पुण्य. पण त्यानेही राज्यपदे तीन गटांतच वाटली. राष्ट्राध्यक्षमंडळात एक बोस्नियाक, एक सर्ब, एक क्रोट. मग तेथील ज्यू माणसाने कोठे जावे? रोमा माणसाने कोणत्या रकान्यात बसावे? अशा दोघांनी दाद मागितली आणि २००९ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ही व्यवस्था भेदभावाची आहे असा निर्णय दिला. त्या देशात काही ठिकाणी एकाच छपराखाली दोन शाळा भरू लागल्या. इमारत एक, पण दोन गटांची मुले वेगळ्या दाराने आत जात, वेगळी पुस्तके वाचत. युद्ध ज्या रेषेवर झाले, तीच रेषा शांतीच्या नावाने पुन्हा ओढली गेली.

दूरदेशीचे हे दाखले पुरेत. आता आपल्या उंबऱ्याशी येऊ.

गडहिंग्लज महाराष्ट्रात, संकेश्वर कर्नाटकात. मध्ये थोडीशीच वाट. त्या वाटेच्या दोन्ही अंगांस आपल्या समाजाची अशी कितीतरी घरे आहेत, जेथे आजी सुनेशी कानडी बोलते, नातू आजीला मराठीत उत्तर देतो आणि दोघांपैकी कोणालाही त्यात विशेष काही वाटत नाही. बसवण्णांची वचने कानडीत ऐकायची आणि मन्मथस्वामींच्या 'परमरहस्या'चे पारायण मराठीत करायचे, हे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांना 'तुमची भाषा कोणती' असे विचारले तर ते म्हणतात, 'कोणाशी बोलायची?' हे उत्तर सर्वांत खरे आहे. पण सरकारी तक्त्यात त्याला जागा नाही. जनगणनेच्या अर्जात येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंद करता येते हे खरे, मात्र सीमा ठरवताना मोजला जातो तो मातृभाषेचा एकच रकाना.

१९५३ साली न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९५५ साली आला. ज्या राज्यात ७० टक्के वा त्याहून अधिक लोक एक भाषा बोलतात ते एकभाषिक समजावे, ३० टक्क्यांच्या आसपास दुसरी भाषा असेल तर द्विभाषिक समजावे, असा त्याचा हिशेब. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बसवण्णांचे कल्याण म्हैसूरकडे गेले, तर ज्या मंगळवेढ्यात त्यांनी बिज्जळाच्या पदरी कारकिर्दीचा आरंभ केला असे आपण मानतो, ते मुंबई राज्यात राहिले. शरणभूमीच अशी वाटली गेली.

त्यानंतरचा वाद बारकाईने पाहिला तर तो बराचसा एका प्रश्नावर अडलेला दिसतो. मोजायचे काय, जिल्हा की गाव? जिल्हा धरला तर कानडी बोलणारे अधिक, गाव धरले तर अनेक गावांत मराठी बोलणारे अधिक. आंध्र व मद्रास यांच्या सीमेसाठी पाटसकर यांनी गाव हा घटक मानला होता. तेच तत्त्व येथे लावावे, असे म्हणत मुंबई राज्याने १९५७ साली ८१४ गावांची मागणी केली. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. त्याने १९६७ साली निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्रास आणि २४७ गावे कर्नाटकास द्यावीत व बेळगाव आहे तेथेच राहावे, अशी शिफारस केली. एका पक्षाने ती मान्य केली, दुसऱ्याने नाकारली. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आमचा प्रश्न वेगळा आहे. ते २६४ असोत वा ८१४, त्या आकड्यांत गडहिंग्लजच्या त्या आजीचे घर कोणत्या बाजूस मोजले?

येथे शरणांकडे वळले पाहिजे. शरणांनी सर्व सीमा मोडल्या, असे आपण उत्साहाने सांगतो. हे अर्धेच खरे आहे. समगार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस यांनी आपल्या मुलांचा विवाह जुळवला, त्यासाठी प्राण दिले आणि कल्याणात प्रलय झाला. ती सीमा जातीची होती. जी सीमा एकास वर बसवते आणि दुसऱ्यास पायाशी ठेवते, ती शरणांनी मोडली. पण भाषेच्या बाबतीत त्यांनी काय केले? पंडितांची संस्कृत बाजूस ठेवली आणि चांभार, कोळी, दळण-कांडण करणाऱ्या स्त्रिया जी भाषा बोलत, त्या कानडीत अनुभव मांडला. म्हणजे भाषेचा भेद त्यांनी पुसला नाही. लोकांच्या भाषेला मान दिला. मरुळशंकरदेव अफगाण देशाकडून आले, मोळिगे मारय्या काश्मीरहून आले, आदय्या सौराष्ट्रातून आले, असे परंपरा सांगते. अनुभवमंटपाच्या दारी कोणी त्यांचे गाव कोणत्या जिल्ह्यात मोडते हे विचारले नाही. आणि पुढे मन्मथस्वामींनी तोच शिवयोग मराठीत सांगितला, तेव्हा त्यात कोणास द्रोह दिसला नाही. इष्टलिंग ज्याचे त्याच्या तळहातावर वेगळे असते. त्या वेगळेपणाची कधी अडचण झाली नाही.

तेव्हा पुसायचे काय, हे नीट ठरवले पाहिजे. वेगळेपण पुसायचे नाही. त्या वेगळेपणाला चिकटवलेली उच्चनीचता आणि सक्ती काढायची.

आता सर्वांत अवघड भाग. 'आपण सारे एकच, भाषेचा वाद कशाला?' हे वाक्य व्यासपीठावरून फार गोड वाटते. पण ते कोण कोणास म्हणतो, हे पाहावे. ज्याच्या मुलाची शाळा, जमिनीचा उतारा, दवाखान्याची पाटी आणि बसचा फलक सारे त्याच्याच भाषेत आहे, त्याने हे वाक्य ज्याला यातले काही मिळत नाही त्याला ऐकवणे ही समता नव्हे. बलवंताचे ऐक्य दुबळ्याला नाहीसे करते. संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगितले आहे. जेथे असा गट १५ टक्क्यांच्या वर असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असेही केंद्र व राज्यांत ठरलेले आहे. बेळगावचा मराठी माणूस मराठी परिपत्रक मागतो, तेव्हा तो हक्कच मागतो. त्यास उपद्रवी म्हणणे अन्यायाचे आहे.

परंतु, बंधूंनो, हाच काटा दुसऱ्या पारड्यातही टाकला पाहिजे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि जत या तालुक्यांत कानडी बोलणारी माणसे आहेत, त्यांत आपले आप्तही आहेत. तेथील कानडी शाळेत शिक्षक आहे की नाही, पुस्तके वेळेवर येतात की नाही, याची चौकशी आपण मराठी वाचणाऱ्यांनी कधी केली? बेळगावात जे मागायचे ते अक्कलकोटात द्यायचे नसेल, तर त्या मागणीस न्याय हे नाव शोभत नाही.

आणखी एक पाहण्यासारखे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील सुमारे ४० गावांवर कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी हक्क सांगितला आणि दोन्हीकडचे रक्त तापले. आधार काय, तर त्या गावांचा एक जुना ठराव. तो ठराव २०१२ सालचा आणि त्यामागचे कारण पाणी. पिकाला आणि घशाला पाणी मिळत नव्हते, म्हणून वैतागलेल्या गावांनी शेजारच्या राज्यात जातो असे म्हटले. तहान गावाची, तिला झेंडा भाषेचा लागला. त्याच डिसेंबरात आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये एकमेकांच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, फेऱ्या बंद पडल्या. त्या गाड्यांतून कोण जाते? बाजारला निघालेली भाजीवाली, माहेरी निघालेली लेक, दवाखान्यात निघालेला म्हातारा. काळे फासणारा सहसा त्या गाडीचा प्रवासी नसतो.

याच्या उलट १९८१ साल आठवावे. निपाणीस तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले. त्यांत मराठी बोलणारे होते, कानडी बोलणारेही होते, आणि गोळीबार झाला तेव्हा गोळीने भाषा विचारली नाही. सीमावाद त्या काळीही मिटलेला नव्हता. फक्त तंबाखूचा भाव काय, हा प्रश्न इतका उघडा होता की त्यावर दुसरे पांघरूण घालता आले नाही. कलह पेटवणारा नेहमी असे पांघरूण शोधतो, आणि धर्म वा भाषा यांच्याइतके उबदार पांघरूण दुसरे मिळत नाही.

आपल्या मठांनाही यातून सूट नाही. 'आपला समाज' म्हणताना आपण कधी कधी भाषेची भिंत पाडतो आणि लगेच शेजारच्या धर्माशी, शेजारच्या जातीशी नवी उभी करतो. दासोहाच्या पंगतीत बसणाऱ्यास त्याचा धर्म विचारायचा नाही हे आपण पाळतो, पण मठाच्या शाळेत शिक्षक नेमताना, गाळा भाड्याने देताना काय विचारतो? तेथेही एक कागद असतो आणि त्या कागदालाही भाकरी बांधलेली असते.

दर वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावात एका रस्त्याने लाल-पिवळ्या झेंड्यांची राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्या रस्त्याने काळा दिन पाळणाऱ्यांची फेरी निघते. दोन्हीकडे गळ्यात लिंग असलेले तरुण असतात. काही घरांतून तर एकाच दारातून दोघे निघतात, एक इकडे, एक तिकडे. पुढील १ नोव्हेंबरच्या सायंकाळी मठात दोघांसाठी एकच पंगत असेल, वचन कानडीत होईल आणि त्याचे निरूपण मराठीत. ज्यांना आपापली तक्रार घेऊन यायचे आहे त्यांनी ती बरोबर आणावी, बाहेर ठेवून येऊ नये.