उसन्या कमानी

म्हैसूरला गेलेला मराठी पर्यटक राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन बाग उरकून सेंट फिलोमिना चर्चसमोर येतो. १७५ फुटी जुळ्या मनोऱ्यांचा फोटो काढतो आणि म्हणतो, ‘अगदी युरोपात आल्यासारखं वाटतं!’ या कौतुकाच्या पोटात एक शेराही असतो, की हे काही आपले नव्हे, नक्कल आहे.

नक्कल आहे खरी. आराखडा फ्रेंच वास्तुकाराचा, नमुना जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलचा. पण त्या ‘अस्सल’ कोलोनचे तरी काय? १२४८ मध्ये सुरू झालेले ते काम सोळाव्या शतकात अर्धवट पडले आणि मनोरे पुरे व्हायला १८८० उजाडले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडनेही गॉथिक शैली मध्ययुगाकडून उसनीच आणली आणि गावोगावी चर्चे उभारली. तीच लाट मुंबईत कुलाब्याला पोहोचली. १८५८ चे अफगाण चर्च हे पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांचे स्मारक, म्हणजे राज्यकर्त्यांनी आपल्या माणसांसाठी बांधलेले.

म्हैसूरची गोष्ट इथेच वेगळी होते. २८ ऑक्टोबर १९३३ रोजी सेंट फिलोमिना चर्चची कोनशिला बसवली ती म्हैसूरच्या महाराजांनी, चौथ्या कृष्णराज वाडियारांनी. घराण्याची कुलदेवता चामुंडेश्वरी. राजवाडा मात्र घुमट-कमानींच्या देशी थाटात उभारला हेन्री आयर्विन या ब्रिटिश वास्तुकाराने. ब्रिटिशाने देशी घाट घडवायचा आणि हिंदू राजाने गॉथिक चर्चचा पाया घालायचा, यात नक्कल कोणी कोणाची केली?

गॉथिक शैलीतली टोकदार कमान छताचा भार खाली उतरवते, म्हणून उंच भिंतीत रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्या ठेवता येतात. ढगाळ युरोपात त्या प्रकाश आत ओढण्यासाठी होत्या. म्हैसूरला उन्हाची ददात नाही. इथे त्याच रंगीत काचा ऊन गाळून आत सोडतात. खिडकी तीच, काम बदलले.

वास्तूचे कूळ शैलीवरून पाहू नये, तिथे रोज गुडघे टेकणाऱ्यांवरून पाहावे. १९६१ मध्ये रोमने फिलोमिनाचे नाव संतांच्या दिनदर्शिकेतून वगळले. म्हैसूरचे चर्च आजही तिच्याच नावाने ओळखले जाते.