बंदरात उतरावे ते कशासाठी?

गेल्या उन्हाळ्यातील एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी बंगल्यावर आल्या. गुरुजींच्या हातात दोन रंगीत पत्रके होती. त्यांचा धाकटा मुलगा गेली सहा वर्षे एका प्रवासी जहाजावर खोल्या आवरण्याच्या कामाला आहे. कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना कंपनी भाड्यात सवलत देते. मुलाने कळविले होते की पुढच्या जून महिन्यात त्याचे जहाज उत्तर युरोपात असेल, तेव्हा तुम्ही दोघांनी यावेच. मार्ग दोन होते. एक हॅम्बुर्गहून निघून नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गन व गायरांगरपर्यंत जाणारा, तर दुसरा कोपनहेगनहून बाल्टिक समुद्रात शिरून पोलंडचे ग्दिनिया, एस्टोनियाचे टॅलिन, हेलसिंकी आणि स्टॉकहोम असा.

"फादर, यांतली कोणती बंदरं पाहण्यासारखी आहेत ते सांगा," गुरुजी म्हणाले.

बाई म्हणाल्या, "आधी हे सांगा, जावं की नाही?"

प्रश्न दोन होते आणि बाईंचा प्रश्न अधिक मुळाशी जाणारा होता. आम्ही मात्र कबूल करतो की त्या दिवशी आम्ही त्याचे उत्तर फार घाईने दिले. सवलत धरूनही खर्च काही लाखांचा होता. पाथर्डी-कर्जतकडे टँकरची वाट पाहणारी गावे आमच्या डोळ्यांसमोर होती. ऐपत असेल तर जा, पण त्या पैशांत किती मुलींचे शिक्षण होईल याचाही विचार करा, असे आम्ही बोलून गेलो. गुरुजींनी पत्रके घडी घालून खिशात ठेवली. "तेही खरंच," एवढेच ते म्हणाले आणि नमस्कार करून दोघे गेले.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. गुरुजींनी तीस-पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकविला. हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्राचे पाणी शिरते आणि फियोर्ड तयार होतो, ही आकृती त्यांनी निळ्या-पांढऱ्या खडूने फळ्यावर किती वेळा काढली असेल! स्वतः त्यांनी समुद्र पाहिला तो मुंबईच्या चौपाटीवर. अशा माणसाला आम्ही एका वाक्यात गप्प केले होते.

आणि वाक्य तरी कोणाचे? बेथानीला मरियेने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा ते तीनशे दिनारांना विकून पैसा गोरगरिबांना का दिला नाही, अशी हरकत यहूदाने घेतली होती, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. आमची हरकत शब्दशः तीच होती. यहूदाने घेतली म्हणून ती खोटी ठरते असे नव्हे, गोरगरीब खरेच असतात. परंतु दुसऱ्याच्या आनंदावर ती सहज फेकणाऱ्याने आधी स्वतःचा हिशेब पाहावा. आम्ही स्वतः धर्मप्रांताच्या खर्चाने रोम पाहून आलो आहोत. तेव्हा कोणी आम्हाला मुलींच्या शिक्षणाची आठवण करून दिली नव्हती.

संत थॉमस अक्वायनस याने तर मनाच्या विसाव्याला सद्गुणांच्या विवेचनात जागा दिली आहे. शरीराला जशी झोप तसा मनाला विरंगुळा लागतो, त्यात अतिरेक करणे हा दोष, पण विरंगुळ्याला मुळीच जागा न देणे हाही दोषच, असे त्याचे म्हणणे आहे. सेमिनरीत हा भाग आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता.

म्हणून पुढल्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही स्वतःच गुरुजींच्या घरी गेलो आणि पत्रके पुन्हा बाहेर काढावयास लावली.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, परंतु त्या बंदरांचा आणि आमचा संबंध जुना आहे. १९०३ साली राहुरीजवळच्या केंदळ येथून 'निरोप्या' सुरू करणारे येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग हे जर्मनीच्या पश्चिम टोकाकडचे, डच सीमेजवळच्या बोखोल्टचे. पुढे १९०७ साली ते पुण्याचे महागुरू झाले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि या देशातील जर्मन माणसे शत्रू ठरली. नगरच्या छावणीत त्यांना काट्यांच्या तारांआड ठेवण्यात आले. १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' नावाच्या जहाजाने मिशनरींच्या तुकड्या इंग्लंडमार्गे मायदेशी धाडल्या गेल्या. येथील मराठी त्यांच्या जिभेवर बसली होती, येथील मुलांचे बाप्तिस्मे त्यांनी केले होते. आपल्याच देशाच्या किनाऱ्याला लागताना त्यांना घरी पोचल्यासारखे वाटले असेल की घराबाहेर काढल्यासारखे? डोरिंग यांना १९२१ साली जपानात हिरोशिमाला धाडण्यात आले आणि १९२७ साली ते पुण्याला परतले.

अशी बंदरे आजही आहेत. जर्मनीच्या ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावरून १८६३ साली फादर दामियान हवाईकडे निघाले आणि पुन्हा जिवंत परतले नाहीत. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता त्यांना त्याच रोगाने १८८९ साली मृत्यू आला. १९३६ साली त्यांचे अवशेष जहाजाने बेल्जियमच्या अँटवर्पला आणले गेले. पोलंडच्या ग्दिनियाला जहाज लागले की प्रवासी जवळच्या ग्दान्स्कला जातात. तेथील गोदीच्या दाराशी तीन उंच क्रूस उभे आहेत. १९७० च्या डिसेंबरात गोळीबारात पडलेल्या कामगारांचे ते स्मारक १९८० साली, गोदी-कामगारांच्या संपाने सत्ताधाऱ्यांना वाटाघाटीस बसविल्यानंतर, कामगारांनीच उभे केले. बाल्टिक सफरीचा मुकुटमणी म्हणून मिरविणारे सेंट पीटर्सबर्ग मात्र २०२२ साली रशियाने युक्रेनवर चढाई केल्यापासून बड्या पाश्चात्त्य कंपन्यांच्या पत्रकांतून गेले आहे. पाहण्यासारखे काय हे युद्धेही ठरवितात.

आम्हाला विचाराल तर आम्ही टॅलिनला उतरू. धक्क्यापासून पायी जावे इतक्या अंतरावर तटबंदीचे जुने शहर आहे. १९९७ पासून त्याची जागतिक वारशात नोंद आहे. पत्रकात त्याचे लाल कौलांचे चित्र होते. पत्रकात नव्हते ते महागुरू एडुआर्ड प्रोफिटलिख यांचे नाव. हेही येशूसंघीय, हेही जर्मन. एस्टोनियातील मूठभर कॅथलिकांचे मेंढपाळ म्हणून त्यांना नेमले होते आणि १९३५ साली त्यांनी त्या देशाचे नागरिकत्व घेतले. १९४० साली सोव्हिएत फौजा आल्या. जर्मन वंशाच्या लोकांना जर्मनीस निघून जाण्याची वाट मोकळी होती आणि त्यांनाही जाता आले असते. त्यांनी रोमला विचारले. निर्णय त्यांच्यावरच सोपविण्यात आला, आणि ते राहिले. १९४१ च्या जूनमध्ये त्यांना अटक झाली. २२ फेब्रुवारी १९४२ रोजी रशियातील किरोव्हच्या तुरुंगात, देहदंडाची शिक्षा झालेली असताना तिच्या अंमलबजावणीआधीच, त्यांनी प्राण सोडला. ६ सप्टेंबर २०२५ रोजी टॅलिनमध्येच त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

नगरहून आपल्या माणसांना जहाजात बसवून नेण्यात आले, आणि टॅलिनला एक माणूस जाण्याची सोय असून गेला नाही. या दोन गोष्टी आम्ही गुरुजींना सांगितल्या, तेव्हा ते बराच वेळ पत्रकातल्या लाल कौलांकडे पाहत बसले. "मग हे बंदर पाहण्यासारखं नाही, फादर," ते हळूच म्हणाले. "हे वाचण्यासारखं आहे."

गायरांगरच्या बाबतीत त्यांचा उत्साह आम्हाला आवरता आला नाही आणि आवरण्याचे कारणही नव्हते. तरी एक गोष्ट त्यांच्या कानी घातली. त्या गावी बारमाही राहणारी माणसे अवघी दोन-अडीचशे, आणि एकेका मोठ्या जहाजातून तीन-तीन हजार माणसे उतरतात. चार-सहा तासांत ती छायाचित्रे काढून परततात आणि धूर दरीत मागे राहतो. डोंगर उंच, दरी अरुंद, त्यामुळे तो लवकर विरत नाही. नॉर्वेच्या संसदेने २०१८ साली या जागतिक वारशाच्या फियोर्डांत धूर ओकणारी जहाजे नकोत असा ठराव केला. दहा हजार टनांखालील प्रवासी जहाजांना १ जानेवारी २०२६ पासून, तर मोठ्यांना २०३२ पासून हा नियम लागू करण्याचे ठरले आहे. म्हणजे गुरुजींचे मोठे जहाज अजून काही वर्षे धूर घेऊनच तेथे जाणार.

हे आपल्याला कळावयास कठीण नाही. सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला किती लोक लोटतात हे आपण जाणतो. यात्रा उठल्यावरचे हरेगावही आपण पाहिले आहे. येणारा प्रत्येक जण भक्तिभावाने येतो, तरीही उरलेला कचरा गावालाच उचलावा लागतो. गर्दीत आपण एकटेच भाविक आणि बाकीचे सारे गर्दी, असे प्रत्येकाला वाटते.

इतका वेळ बाई गप्प होत्या. त्या बोलल्या तेव्हा आमच्या साऱ्या इतिहासाची आणि धर्मशास्त्राची वाट चुकली.

"फादर, पोरगं सहा वर्षं झाली त्या बंदरांना जातंय. त्याला विचारलं, टॅलिन कसं आहे? म्हणाला, आई, गोल खिडकीतून मनोरे दिसतात."

मुलाने त्यांना सांगितले होते ते असे. बंदराचा दिवस म्हणजे प्रवाशांच्या मौजेचा आणि आवरणाऱ्यांच्या घाईचा. लोक खाली उतरले की चादरी, टॉवेल, न्हाणीघरे. ते परतण्याच्या आत सारे लख्ख हवे आणि संध्याकाळी पुन्हा दुसरी फेरी. कधी दोन तास मोकळे मिळाले तर तो गोदीजवळच्या नाविकांच्या केंद्रात जातो, तेथे फुकट इंटरनेट मिळते, आणि घरी फोन करतो. अशी केंद्रे बऱ्याच बंदरांत आहेत. १९२० साली ग्लासगो येथे काही कॅथलिकांनी सुरू केलेले आणि आज 'स्टेला मारिस' म्हणून ओळखले जाणारे नाविकसेवेचे कार्य त्यांपैकीच होय. २००६ साली ठरलेल्या व २०१३ साली अंमलात आलेल्या सागरी कामगार कराराने नाविकाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि किनाऱ्यावर उतरण्याची मुभा दिली पाहिजे असे म्हटले आहे. हे हक्क हवेतच. पण विश्रांतीचे दहा तास बंदर सुटल्यानंतरचेही असू शकतात.

"आम्ही तिथं गेलो," बाई पुढे म्हणाल्या, "तर आमची अंथरुणं दुसऱ्या कुणाच्या लेकरानं आवरायची. त्याची आईही कुठंतरी माझ्यासारखीच बसलेली असंल. आणि माझा पोरगा जिथं झोपतो तिथं मला खाली जाता येणार नाही, तसा नियम आहे म्हणतो. मग मी काय बघायला जाऊ?"

वाचकहो, याचे उत्तर आम्हास आजही पुरते देता येत नाही. जहाजावरचे काम हे काम आहे, त्यात कमीपणा नाही. या पगारावर गुरुजींच्या मुलीचे लग्न झाले, घरावर स्लॅब पडला. मुंबईत धोबीतलावच्या कुडींतून राहून गोव्याच्या कितीतरी पिढ्या बोटींवर गेल्या आणि त्यांच्या पैशांवर गावोगावची घरे उभी राहिली. सेवा घेणेही पाप नव्हे, प्रभूने स्वतः मार्थेच्या घरचे जेवण घेतले. परंतु मार्थेला त्याने नावाने हाक मारली. अंथरूण कोण आवरते हे ठाऊक नसतानाही सफर सुखाने पार पडावी अशीच तेथील व्यवस्था असते, आणि बाई बोट ठेवत होत्या ते याच ठिकाणी. बाईंना ते दिसले कारण त्यांचा मुलगा दाराच्या त्या बाजूला आहे. आम्ही रोमला ज्या अतिथिगृहात राहिलो तेथे रोज सकाळी खोली कोण झाडत होते, हे आम्हाला आठवत नाही.

आमचे मत विचाराल तर त्यांनी जावे. फियोर्ड पाहण्याची गुरुजींची ओढ शुद्ध आहे आणि मुलाने स्वकमाईने आईवडिलांना दिलेली ही भेट नाकारणे हे त्यालाच नाकारणे होईल. मात्र बक्षिशी बिलात आपोआप लागली तरी त्यावर भागवू नये, आवरणाऱ्या मुलाचे नाव-गाव विचारावे, असे आम्ही सुचविले. बाई म्हणाल्या, "ते सांगायला लागतं का, फादर?"

मुलाने टॅलिनच्या दिवशी चार तास सुटी मागितली आहे, ती मिळेल की नाही हे आदल्या दिवशी कळेल. दरम्यान व्हिसाचे अर्ज आले. त्यात प्रवासाचा हेतू असा एक रकाना असून पर्यटन, कुटुंबीयांची भेट असे पर्याय दिले आहेत. एजंटाने दोघांनाही पर्यटनावर खूण करण्यास सांगितले. मुलगा त्या देशांत राहत नाही, तो पाण्यावर राहतो, म्हणून दुसरा पर्याय लागू नाही असे त्याचे म्हणणे, आणि नियमाने तो बरोबर आहे. गुरुजींनी आपल्या अर्जावर खूण करून सही केली. बाईंचा अर्ज त्या रकान्यापाशी कोरा आहे आणि गेले आठ दिवस तो आमच्या टेबलावर पडून आहे. "तुम्हीच काय ते भरा," असे सांगून त्या गेल्या आहेत.