न दिलेलं लक्ष

दुसऱ्याचं लक्ष त्याने दिलेलं नसताना आपण घेतलं, तर ती चोरी होते का? सांगलीतल्या एका वाचनालयाचं मासिक ईमेल वार्तापत्र मी तयार करते आणि त्या कामात हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. रंग कोणता घ्यायचा, चित्र कुठे ठेवायचं, विषयाची ओळ कशी लिहायची, असं काहीही ठरवायला बसलं की शेवटी मी इथेच येऊन थांबते. मी दिगंबर जैन घरात वाढले. पाच व्रतांतलं अचौर्य आमच्याकडे मुलांना फार लवकर कानावर पडतं. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी चोरीची व्याख्या एका ओळीत संपवली आहे: न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. त्यात कुलूप फोडणं नाही, अंधार नाही, वस्तूची किंमतही नाही. ज्याचं होतं त्याने ते दिलं का, एवढंच पाहिलं आहे.

या सूत्रावर पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत दोन शंका उपस्थित केल्या आहेत आणि दोन्ही थेट माझ्या कामाच्या आहेत. जीव क्षणोक्षणी कर्म ग्रहण करतो, ते त्याला कुणी दिलेलं नसतं. मग तीही चोरी का, ही एक शंका. जिथे देणं-घेणं संभवतं तिथेच चोरीची भाषा लागू होते, असं त्यावर उत्तर आहे. दुसरी शंका अशी की भिक्षेला निघालेला साधू गावाच्या वेशीतून, गल्लीबोळांतून जातो, ती वाट तरी त्याला कुणी दिली आहे? पूज्यपाद म्हणतात, ती सगळ्यांसाठीच मोकळी सोडलेली आहे, म्हणून तिथे दोष नाही. पण दार लावलेलं असेल तर साधू आत शिरत नाही, कारण ते मोकळं सोडलेलं नाही.

लक्ष देता-घेता येतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माणसाच्या दिवसात ते मोजकंच असतं आणि एकाला दिलं की तेवढं दुसऱ्याला उरत नाही. राहिला प्रश्न वाटेचा आणि दाराचा. एसटी स्टँडवरचा जाहिरातीचा फलक वाटेवर आहे. जाणारा बघेल किंवा मान वळवून निघून जाईल. ईमेलची पेटी मात्र लावलेलं दार आहे. तिच्यात रक्ततपासणीचा अहवाल येतो, मुलीला नोकरी लागल्याचं पत्र येतं, दूर गेलेल्या भावाचा निरोप येतो. तिथे आपण कुणाच्या परवानगीने शिरतो आहोत, हे विचारल्याशिवाय रंगसंगतीची चर्चा सुरूच करता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. अनाहूत मेलचा इतिहास सांगणारे ३ मे १९७८ पासून सुरुवात करतात. त्या दिवशी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुअर्क यांनी अर्पानेट या तेव्हाच्या संगणक-जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात एकगठ्ठा पाठवली. त्या पत्रात सजावट नावालाही नव्हती, नुसती अक्षरं होती. तरी तक्रारी झाल्या. दोष दिसण्यात नव्हता, न विचारता आत येण्यात होता.

आमच्याकडे मुनींची आहारचर्या ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते पटकन कळेल. सकाळी श्रावक शुद्ध वस्त्र नेसून, हातात कलश घेऊन दाराशी उभे राहतात आणि मुनी दिसले की नमोस्तु म्हणून थांबण्याची विनंती करतात. मुनी मौनात असतात. ते काही मागत नाहीत, खूण करत नाहीत. जिथे विधिपूर्वक बोलावणं होतं तिथे थांबतात, उभ्यानेच ओंजळीत आहार घेतात, तोही दिवसातून एकदाच. घासात केस किंवा किडा निघाला तर तो अंतराय. आहार तिथेच थांबतो, पुन्हा वाढून घेणं नाही. आणि काल या घरी आहार झाला म्हणून आज त्या घरावर हक्क सांगता येत नाही. उद्याचं बोलावणं उद्या व्हावं लागतं.

वाचनालयात नवा सभासद फॉर्म भरतो तेव्हा ईमेलचा पत्ता देतो, तो पुस्तक परत करायची आठवण यावी म्हणून. ते वार्तापत्राचं बोलावणं नव्हे. म्हणून आमच्या फॉर्मवर वार्तापत्रासाठी वेगळा चौकोन आहे आणि तो रिकामा छापलेला असतो; खूण सभासदाने स्वतः करायची. दिलेलं परत घेणंही तितकंच सोपं हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हेच तत्त्व आहे: संमती देणं जेवढं सोपं, तेवढंच ती काढून घेणं सोपं असलं पाहिजे. गूगल आणि याहू यांनी २०२४ पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत अनसब्स्क्राइब करू देण्याची सक्ती केली. तरीही मला येणाऱ्या कितीतरी वार्तापत्रांत अनसब्स्क्राइबची, म्हणजे निरोपाची, ओळ सगळ्यांत तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात असते. जीमेल तर १०२ किलोबाइटच्या पुढचं पत्र कापून दाखवतं. म्हणजे भारंभार सजवलेल्या पत्रात कापली जाते ती नेमकी निरोपाची ओळ.

मग सुंदर दिसणंच संशयास्पद मानायचं का? असं मानणारे लोक मला भेटतात आणि त्यांचं म्हणणं मला पटत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्यविचारचर्चा या ग्रंथात अलंकाराचा झगडा फार नेमकेपणाने सोडवला आहे. कमरपट्टा गळ्यात घातला आणि पैंजण हातात, तर हसंच होतं. दागिना वाईट नसतो, तो जागेवर नसतो. लक्ष ओढणाऱ्या सजावटीला मी हीच कसोटी लावते: वाचकाने जे बघायचं कबूल केलं आहे ते बघायला ही मदत करते, की दुसरीकडे खेचते?

ही कसोटी देवनागरीत फार तपशिलात उतरावी लागते. न्यूजलेटरचे तयार साचे मिळतात ते रोमन अक्षरांसाठी बेतलेले. त्यांत शीर्षकाची अक्षरं सुटी पसरलेली असतात. मराठी शीर्षकाला तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. ओळींतलं अंतरही कमी असतं. आपल्याकडे रेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि सत्तरीतल्या वाचकाचे डोळे दोन परिच्छेदांत थकतात. म्हणून मी अक्षर मोठं घेते, ओळींत भरपूर हवा ठेवते, मजकूर एकाच रकान्यात लावते, कारण बहुतेक जण तो मोबाइलवर वाचतात. रंग दोनच.

सगळ्यात जास्त वाद होतो तो पोस्टरवरून. संस्थांच्या कार्यक्रमांची निमंत्रणं आपल्याकडे अजून एका अख्ख्या चित्रात येतात: नक्षीची चौकट, पाहुण्यांचे फोटो, समया आणि त्यातच तारीख-वेळ. यामागे कारण आहे. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, तो मेलमध्ये चिकटवला की खुणांचा कचरा होतो. मग चित्र करून पाठवणं सोपं जातं. पण आमचे एक सभासद दृष्टिहीन आहेत. ते पत्र फोनकडून वाचून घेतात, आणि चित्रातली अक्षरं तसं वाचून दाखवणाऱ्या अॅपला सहसा कळत नाहीत. चित्राला पर्यायी मजकूर दिलेला नसेल, तर इथे एक चित्र आहे एवढंच त्यांना ऐकू येतं. ज्याने लक्ष देऊ केलं त्याच्या ओंजळीत आपण काहीच घातलं नाही, असा त्याचा अर्थ. हाही अचौर्याचाच भंग आहे, असं मी मानते. घेतलं, आणि ज्यासाठी घेतलं ते दिलं नाही.

दिसणाऱ्या गोष्टींपेक्षा न दिसणारी एक गोष्ट मला जास्त सलते. बऱ्याच वार्तापत्रांत एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच असं पारदर्शक चित्र ठेवलेलं असतं. पत्र उघडलं की ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि कोणी, केव्हा उघडलं याची नोंद तिकडे होते. अॅपलने २०२१ मध्ये आपल्या मेल अॅपमध्ये अशी सोय आणली की पत्र उघडलं असो वा नसो, चित्रं आधीच आणली जावीत. त्यामुळे हे आकडे भरवशाचे राहिले नाहीत. पण आकडा खरा असता तरी माझा आक्षेप तसाच राहिला असता. वाचकाने पत्र वाचायचं कबूल केलं होतं, वाचताना स्वतःकडे बघू द्यायचं कबूल केलं नव्हतं. एका संस्थेने माझ्याकडून हा पिक्सेल आणि विषयाच्या ओळीत आधीच्या पत्राला उत्तर आल्याचा आभास मागितला. मी ते काम केलं नाही. लोकांना काय आवडतं ते मला विचारून कळतं. पत्राखाली मी लिहिते की उत्तर पाठवा, आणि लोक पाठवतात.

मला आदर्श वाटणारं वार्तापत्र हाताने लिहिलेलं आहे आणि ते आपल्या पुण्यातून निघालं. १९३० च्या जुलैपासून गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून साबरमतीच्या आश्रमाला दर आठवड्याला एक पत्र पाठवत. मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर ते लिहिलं जाई, म्हणून त्या संग्रहाचं नाव मंगल प्रभात. एका पत्रात एकच व्रत: सत्य, अहिंसा, अस्वाद, अस्तेय. वार ठरलेला, विषय एक, लांबी एका बैठकीत ऐकता येईल एवढी. अस्तेयाच्या, म्हणजे अचौर्याच्या, पत्रात त्यांनी व्याख्या आणखी कडक केली: ज्याची आपल्याला गरज नाही ते घेणं, मग ते परवानगीने का घेतलेलं असेना, तीही चोरी. हे वाचल्यापासून मी पत्र तयार झालं की एक मजकूर काढून टाकते. जो राहिला नाही तरी वाचकाचं काही अडत नाही, त्यासाठी त्याची दोन मिनिटं मागण्याचा मला अधिकार नाही.

तुमचं मंडळ, पतसंस्था, शाळा किंवा नाट्यसंस्था असं पत्र पाठवत असेल, तर या महिन्यात एवढं कराच: निरोपाची ओळ तळातून उचलून पत्राच्या सुरुवातीला, मजकुराच्याच आकारात आणि मजकुराच्याच रंगात ठेवा. यादीतली काही नावं जातील. त्यांना जाऊ द्या.