चाल कुणाची? (गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६)



आजचं वाचन गीतेच्या अठराव्या अध्यायातलं आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म घडतं त्यामागे पाच कारणं असतात. अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर ते घडतं ते. कर्ता, म्हणजे करणारा. करण, म्हणजे साधनं. चेष्टा, म्हणजे त्यासाठीच्या नाना खटपटी. आणि पाचवं दैव. शरीराने, वाणीने किंवा मनाने माणूस जे काही करतो, मग ते योग्य असो की अयोग्य, त्यामागे हे पाच असतातच. तरीही जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असं पुढच्या श्लोकात येतं.

हे श्लोक मी याआधीही वाचले होते. वाचायचे, मान डोलवायची आणि पुढे जायचं, असं चाललं होतं. या वेळी मात्र थांबावं लागलं. कारण एका चालीवरून माझ्यात आणि माझ्या मित्रात दोन महिने अबोला होता.

झालं असं. मित्र नोकरीसाठी पुण्याला आणि त्याचे बाबा इथे नागपूरला. रोज रात्री फोन. फोन ठेवताना बाबांचं एक वाक्य ठरलेलं, "लवकर येजो." आपल्याकडे नागपूर-वऱ्हाडात हे 'येजो' म्हणजे नुसतं 'ये' नाही. आत्ता जमत नसेल तर नंतर ये, सवडीने ये, पण ये; मी आहे. बाबा अचानक गेले. तेराव्यानंतर मित्राने बारा ओळींची कविता लिहिली आणि रात्री साडेबाराला मला पाठवली. सोबत एवढंच, "वाचून बघ." कवितेचा शेवटचा शब्द होता 'येजो'.

मी दर गुरुवारी भजनात पेटी वाजवतो. ती कविता वाचली आणि झोप गेली. पहाटेपर्यंत चाल सुचली होती. भैरवीतली, साध्या भजनी ठेक्यातली. पुढचे तीन दिवस मी त्याच नादात होतो. फक्त शेवटचा शब्द मला खटकत होता. खरं सांगायचं तर तो गावंढळ वाटत होता. म्हणून मी 'येजो' काढून 'ये रे' घातलं. दोन्हींचं वजन तेच, दोन गुरू अक्षरं. म्हणजे वृत्ताची अडचण होती असं म्हणायचीही सोय मला नाही. 'रे'वर सूर लांबवला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येणार, हे मला कळत होतं आणि मला ते हवं होतं.

रेकॉर्ड केलं, मित्राला न विचारता टाकलं. खाली लिहिलं, 'माझी नवी रचना'. कवीचं नाव तिसऱ्या ओळीत. भरपूर लोकांनी ऐकलं, रडलो म्हणाले, तुझ्यावर कृपा आहे म्हणाले. मीही नम्रपणे उत्तरं दिली, "सगळं माउलींनी करून घेतलं." मित्राचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तो एकच वाक्य बोलला, "बाबा 'ये रे' नव्हते म्हणत." आणि फोन ठेवला.

आता प्रश्न असा की मित्राच्या कवितेवरून सुचलेली चाल कुणाची? आणि त्या चालीसाठी त्याचा शब्द बदलण्याचा अधिकार कुणाचा?

आपल्या नागपूरला हा प्रश्न नवा नाही. मराठी भावगीतातली एक मोठी वाट इथल्या दोन कवींच्या वहीतून निघून पंडित हृदयनाथ मंगेशकरांच्या पेटीपर्यंत जाते. एक सुरेश भट. १९३२ साली अमरावतीत जन्मले, पुढे नागपूरचे झाले आणि २००३ मध्ये इथेच गेले. दुसरे ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे. जन्माने नागपूरचे, इथेच मराठी शिकवलं. ज्या संगीतकाराने ज्ञानेश्वरीतल्या ओव्यांना लताबाईंच्या आवाजात घराघरांत पोचवलं, त्याच संगीतकाराने या दोन कवींनाही सूर दिले.

भटांची गझल बघा. तिच्यात प्रत्येक ओळीचं वृत्त ठरलेलं, काफिया ठरलेला, रदीफ ठरलेला. वहीवरची गझल नुसती मोठ्याने वाचली तरी ती चालू लागते. म्हणजे चाल लावणारा येण्याआधीच शब्दांत एक लय मुक्कामाला असते. १९८२ च्या 'उंबरठा' चित्रपटातली भटांची गझल ऐकताना जाणवतं की संगीतकाराने बाहेरून काही आणून चिकटवलेलं नाही. शब्दांना जिथे थांबायचं होतं तिथेच सूर थांबलाय.

ग्रेस यांचं उलटं. त्यांची कविता पहिल्या वाचनात हाती लागत नाही, दुसऱ्यातही नाही. पण 'भय इथले संपत नाही' ज्यांना अर्थ सांगता येणार नाही अशी माणसंसुद्धा गुणगुणतात. इथे चालीने खरोखर काही दिलंय. जी कविता फार थोड्यांपर्यंत गेली असती तिला तिने दूरवर नेलं. तेव्हा 'सगळं कवीचंच, चाल लावणारा नुसता हमाल' असंही म्हणता येत नाही. तेही खोटंच होईल.

पण लोक काय म्हणतात? "लताबाईंचं गाणं." मग संगीतकार आठवतो आणि कवी सगळ्यात शेवटी, आठवलाच तर. रेशीमबागेतल्या महापालिकेच्या मोठ्या सभागृहाला २०१७ साली कविवर्य सुरेश भटांचं नाव मिळालं, याचं मला म्हणूनच अप्रूप आहे. तिथे गाणी ऐकायला जाताना आधी कवीच्या नावाखालून जावं लागतं.

आता गीतेतले पाच घेऊन माझ्या चालीकडे बघू. अधिष्ठान कोणतं? मित्राचं दुःख, आणि त्यावर उभी असलेली ती कविता. करण कोणतं? माझी बोटं, माझा गळा, आजोबांची पेटी, आणि भैरवी, जी शेकडो वर्षं कुणी ना कुणी गात आलंय. चेष्टा म्हणजे ते तीन दिवस. दैव म्हणजे त्या रात्री मी जागा असणं, आणि त्याने तो मेसेज दुसऱ्या कुणाला न पाठवता मला पाठवणं. या पाचांत 'मी' किती? एक. मी मात्र खाली लिहिलं होतं, 'माझी नवी रचना'.

तुकोबा आपल्या बोलण्याचं श्रेय स्वतःकडे घेत नाहीत. साळुंकी गोड बोलते, पण तिला शिकवणारा निराळा असतो, असं ते सांगतात. त्या न्यायाने मीही श्रेय माउलींना दिलं होतंच की! मग चुकलं कुठे?

खरी मेख इथे आहे. "देवाने करून घेतलं" हे वाक्य दोन प्रकारे म्हणता येतं. कौतुक होत असताना म्हटलं आणि मनातून म्हटलं, तर ती नम्रता. पण मित्राचा फोन आल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगतो. "अरे, मला जे सुचलं ते मी गायलो. ते वरूनच आलं. त्यात मी काय करणार?" म्हणजे तीच नम्रता लगेच पळवाट झाली. शब्द माझ्या हाताने बदलला आणि नाव मात्र माउलींचं पुढे केलं.

गीतेने ही पळवाट ठेवलेली नाही. पाच कारणांची यादी परत बघा. कर्ता एकटा नाही हे खरं, पण यादीत तो आहे. भगवंतांनी त्याला वगळलेलं नाही. आचार्य या श्लोकांतून आत्मा अकर्ता आहे हा मोठा सिद्धांत उलगडतात. तिथवर माझी पोच नाही. मला माझ्यापुरता एक साधा नियम सापडला. श्रेय वाटायची वेळ आली की पाचही मोजायचे. चूक झाली की त्या पाचांतला फक्त आपला वाटा बघायचा, बाकीच्या चौघांकडे बोट दाखवायचं नाही.

आणि शब्द बदलण्याबद्दल? इथे एकनाथ महाराज आठवतात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये पाठ बिघडत गेले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ते शुद्ध केले. नाथ स्वतः केवढे कवी! एकेक ओवी 'सुधारायची' म्हटली असती तर त्यांना काय अवघड होतं? पण त्यांनी उलट बजावलं, की यात कुणी आपली ओवी मिसळली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. ज्याला बदलता येत होतं त्यानेच हात आवरला. मला हे फार लागलं. माझं 'ये रे' गोड होतं, पण ती करवंटीच होती.

कुणी म्हणेल, ज्ञानेश्वरी कुठे आणि मित्राची बारा ओळींची कविता कुठे! बरोबर आहे. पण त्या मित्राकडे बाबांच्या आवाजातलं दुसरं काही उरलेलं नव्हतं. त्याच्यापुरतं तेवढंच ताट होतं.

शेवटी मी गेलो त्याच्याकडे. तो सुट्टीवर आला होता. माफी मागताना कारणं द्यायची नाहीत असं ठरवून गेलो, तरी दोन दिलीच. त्याने ऐकून घेतलं. रेकॉर्डिंग मी आधीच काढून टाकलं होतं, पण ज्यांनी पुढे पाठवलं त्यांच्या फोनमध्ये ते अजून आहे, आणि तिथे त्याचे बाबा अजून 'ये रे' म्हणतात. ते मला परत घेता येत नाही. हे लिहिताना सोपं उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, पण तसं ते नाही.

मग मी पेटी काढली आणि 'येजो' घेऊन चाल पुन्हा बसवायला लागलो. 'रे'वरचा तो लांब सूर 'जो'वर कृत्रिम वाटत होता. तो काढला. आता ओळ जरा लवकर संपते, फोन ठेवल्यासारखी. मित्र म्हणाला, "असंच असायचं."

त्या गुरुवारी तो भजनाला आला. शेवटच्या ओळीला मी पेटी थांबवली. तो शब्द तो एकटाच म्हणाला.

तुमच्यापैकी बरेच जण चाली लावता, अभंग नव्या ढंगात गाता, मित्रांच्या ओळींवर रील करता. जरूर करा. एखाद्याच्या ओळीने आपल्यात सूर जागा व्हावा, ही कृपाच आहे. आजच्या दिवसापुरतं एवढंच करून बघू या. आपण 'माझं' म्हणून जे काही मिरवतो, त्यातलं एक काम घ्यायचं आणि त्याचे पाच वाटे मांडायचे. ज्यांचा वाटा निघेल त्यातल्या एकाला आजच फोन करायचा. आणि कुणाचा शब्द न विचारता बदलला असेल, तर तेही त्याच फोनवर सांगून टाकायचं.

माउली आपल्याला सूर देवोत, आणि दुसऱ्याचा शब्द जपायची बुद्धीही देवोत.

राम कृष्ण हरी.